सिमोपर्यंत

फ्रिजवरचं लोहचुंबक खिशात घालून निघालो.
सातू म्हणाली, "हा पांढरा हत्ती दारात बांधू नकोस हं."
टेबलावर तिनं नव्या विजेच्या गाडीचं पत्रक ठेवलं होतं,
आठ वर्षांची हमी, महिन्याचा हप्ता पेन्सिलीनं अधोरेखित.
तिचंच बरोबर होतं. मी पत्रकावर कॉफीचा कप ठेवला
आणि टोर्निओची बस पकडली.

उणे एकोणीस.
हेल्वीबाईंच्या अंगणात साब नऊशे, सत्त्याऐंशी सालची,
बाटलीच्या काचेसारखी हिरवी,
नाकातून वायर निघून भिंतीतल्या सॉकेटपर्यंत,
सलाइन लावलेल्या पेशंटसारखी उभी.

मी वाकलो. रिवाजच आहे तो.
चुंबक दारांवर चिकटलं, चाकांच्या कमानींवर चिकटलं,
मागच्या डाव्या कोपऱ्यात मात्र घसरून बर्फात पडलं.
रंगाखाली पुट्टी!
म्हणजे घोडं इथं पेंड खातंय.
चेहरा पाडून म्हणालो, "दोनशे युरो कमी करा."
बाई म्हणाल्या, "उजव्या उंबऱ्याखाली बघा, तिथं गंज जास्त आहे.
तुमचं चुंबक तिकडं गेलंच नाही."

वेइयोनं बजावलं होतं,
थंड इंजिन ऐक, पहिली पाच सेकंदं खोटं बोलत नाहीत.
ऐकली. चेन खडखडली, मग शांत.
तेलाची दांडी पुसली, बुडवली, हुंगली.
किल्ली दोन सीटांच्या मधोमध,
रिव्हर्स टाकल्याशिवाय निघतच नाही;
परत जायची तयारी दाखवल्याखेरीज
ही गाडी कुणाला सोडत नाही.

हातमोज्यांच्या कप्प्यात निळी वही.
एकवीस वर्षं आर्मासचं अक्षर, तिरकं, घाईचं:
तेल. फिल्टर. ठीक.
तेल. फिल्टर. ठीक.
मग एका मार्चमध्ये अक्षर गोल झालं.

"ब्रेकचे पॅड स्वतः बदलले. दोन दिवस.
डावीकडचा बोल्ट हट्टी. आर्मासच्या शिव्या घातल्या, निघाला."
"थर्मोस्टॅट. दुकानदार म्हणाला, मुलाला पाठवा. मुलगा नाही मला."
"तपासणीत नापास. हँडब्रेक.
पुन्हा नेली. पास. येताना केक खाल्ला."
"हीटरचा पंखा ओरडतो. सिमोपर्यंत. मग गप्प."

मी तिथंच उभा, नाक बधिर, पानं उलटत.
"विकता कशाला?" असं विचारलं तेव्हा
बाई माझ्याकडं नाही, वायरीकडं बघत होत्या.
"संध्याकाळी एका रस्त्याचे दोन दिसतात.
त्यातला खरा कुठला, ते गाडीला ठाऊक असतं.
डॉक्टरांना हे पटलं नाही."

मी सांगितलेली किंमत दिली. पूर्ण.
भीतभीत म्हणालो, "वही तुम्हाला हवी असेल..."
"वही गाडीची आहे."
त्यांनी बॉनेटवर ती टेकवून तारीख घातली, किलोमीटर घातले,
लिहिलं, "विकली."
बराच वेळ पेन्सिल तशीच.
मग शेजारी, "ठीक."
आणि नोटांतले पन्नास परत माझ्या खिशात कोंबले:
"वायपर घ्या. ते लपवले होते मी."

वायर त्यांनीच उपटली, कोपरावर गुंडाळली,
साडी नाही, पदर नाही, त्या अंगणात दोरखंड आवरणारी
कोळीण शोभली असती, असली सफाई.

केमीपर्यंत पंखा ओरडला.
पुलावर ओरडला. ट्रकवाल्यानं वळून बघितलं.
सिमोची पाटी आली, मी चक्क ती मोठ्यानं वाचली.
गेली.
कुइवानिएमीला सातूचा फोन:
"घेतलीस? आणि किंचाळतंय कोण तिथं?"
म्हटलं, "पंखा गं. सिमोपर्यंतच असतं ते."
"बरं. तू कुठं आहेस?"
खिडकीबाहेर फरची झाडं, काळोख,
पायांवर मात्र ऊबदार वारा.
"सिमोच्या पुढं," मी म्हणालो.
"बराच पुढं."