गोळीच्या आधी

देवगडच्या सरकारी दवाखान्यात
गुरुवारी मनाची ओपीडी.
केस पेपरवर मी : दत्ताराम कोयंडे, तांडेल,
झोप नाही, एकोणीस रात्री.

वाटलं होतं, डॉक्टर न बघता लिहील
आणि मी न विचारता गिळेन,
जसं गाऱ्हाण्यानंतरचं तीर्थ प्यालो
मागच्या अवसेला.

सोलकर बाईंनी पंखा बंद केला, खडखडत होता म्हणून.
म्हणाल्या, गोळी आज नाही. आज बोलू.
पहिले काही दिवस तोंड सुकेल,
हात थोडे थरथरतील, सुकाणू तोवर मुलाकडे.
बरं वाटायला आठवडे जातात
आणि बरं वाटलं म्हणून सोडायची नाही.
गाऱ्हाणं घाला, माझी हरकत नाही,
गोळी मात्र रोज.

नव्या खलाशाला मीही बंदरातच सांगतो
कुठला माड बुरजाच्या रेषेत आला
की डावीकडे खडप आहे.
भरतीला ते दिसत नाही.
ऐकून पोरगं घाबरतं,
पण होडीतून उडी टाकत नाही.

तुम्हाला काय विचारायचंय?
असं मला कुणी विचारलं नव्हतं.
दोन प्रश्न होते.
एक विचारला : बांगडा चालेल ना?
चालेल, म्हणाल्या, हसल्या नाहीत.
दुसरा खिशातच राहिला,
पुढच्या गुरुवारपर्यंत.

बाहेर पायरीवर शेवंती,
मुठीत एसटीची तिकिटं चुरगळलेली.
काय दिल्यानी?
म्हटलं, अजून काय नाय.
सांगल्यानी.