सिरिलच्या नावाचा चेक

सिरिल, चेक आलाय.
तुझ्या नावाचा.
पाकिटाला खिडकी, खिडकीत तू:
मिस्टर सी. ऑगल्बी, अगदी सरळ उभा,
तुझी पाठ कधी नव्हती तशी.

त्या शोरूममध्ये तू खुर्चीत बसलाच नाहीस.
"बसलो की उठवत नाही," म्हणालास,
टायवाला पोरगा हसला,
त्याला वाटलं गंमत करतोयस.
वीस वर्षं ग्रिम्सबीच्या गोदीवर कॉड कापलेले,
बर्फाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात,
डॉक्टरच्या फायलीत तुझा मणका केव्हाच नोंदलेला.
त्याने विचारलं नाही.
आपण सांगितलं नाही.
गाडी घ्यायला गेलेल्या माणसाने
मणक्याचं कशाला बोलावं?

कागद पुढे आला तेव्हा
चौकटीत बरोबरची खूण आधीच होती,
पेन्सिलीची, पुसट.
"यावरून फक्त पेन फिरवा.
हे नसलं तर कर्ज पास होणं जरा कठीण."
महिन्याला तेवीस पौंड चाळीस पेन्स.
आजारी पडलात तर हप्ते आम्ही भरू, म्हणाला,
आणि आपल्या लिनेटला टॉफी दिली.
तू पेन फिरवलंस. तीनदा, जाड,
शाळेतल्या पोरासारखं.

तिसऱ्या नोव्हेंबरात मोजे घालायला वाकलास
तो तसाच राहिलास.
कंपनीचं पत्र आलं:
पूर्वीपासूनच्या व्याधी या विम्यात बसत नाहीत.
दोनदा वाचलंस.
"म्हणजे पाठ सोडून
उरलेल्या माझा विमा होता तर,"
म्हणालास, आणि उभ्यानेच चहा घेतलास.
उरलेले हप्ते मी फेडले,
शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलून,
विम्याच्या हप्त्यासकट.
ते थांबवता येतात हेही कुणी सांगितलं नाही.

मग फोन सुरू झाले. रोज नवा आवाज.
आम्ही सोडवून देतो तुमचे पैसे, तीसच टक्के घेऊ.
लांडग्याच्या तोंडातून काढून
कोल्ह्याच्या ताटात कशाला?
बिस्किटांच्या डब्यातून करार काढला,
आणि अर्ज मीच भरला, माझ्या हाताने.
विक्रेत्याने नेमकं काय सांगितलं?
पाच ओळींची जागा.
टॉफीचं लिहिलं, मग खोडलं.

आधी नकार. तुम्ही स्वेच्छेने निवड केली होती.
मग मी लोकपालांकडे पाठवलं, डॉक्टरच्या नोंदीसकट.
अकरा महिने.
पाचव्यात तू गेलास.
मी त्यांना कळवलं, दोनदा.
उत्तर आलं:
आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत, मिस्टर ऑगल्बी.

तो पोरगा दिसला परवा. टक्कल पडलंय.
सुपरमार्केटात पाव रचत होता.
त्याच्याही मागे कुणीतरी आकडा लावलेला असणार तेव्हा.
मी ओळख दिली नाही.
त्याच्या हातातून पाव घेतला,
तारीख बघितली, उजेडात धरून,
मागच्या बाजूचं बारीक अक्षरसुद्धा वाचलं.
तो ताटकळत थांबला.

दोन हजार तीनशे सतरा पौंड.
मुद्दल, आठ टक्क्यांनी व्याज,
त्या व्याजावर सरकारचा कर कापून.
वरातीमागून घोडं, सिरिल,
आणि घोडं फक्त नवऱ्यालाच बसू देतं.
बँकेतली मुलगी गोड होती,
नखांवर छोटी छोटी लिंबं रंगवलेली.
म्हणाली, हा चेक त्यांच्याच खात्यात भरावा लागेल,
खातेदार स्वतः येऊ शकतील का?
मी म्हटलं, विचारून बघते.

रस्त्यावर येईपर्यंत हसू आवरलं.
मग बसस्टॉपवर एकटीच हसत बसले,
हंबरवरून वारा येत होता,
तुझ्या जुन्या कोटाचा वास घेऊन.

सोमवारी जाईन दाखला घेऊन.
लिनेट म्हणते बॉयलर बदल.
बदलेन.
आज पाकीट घड्याळाला टेकवून ठेवलंय.
ताठ उभा आहेस खिडकीत
तोवर बघून घेते.