डोळ्यात थेंब टाकल्यावर

गोळीबार चौकातल्या दवाखान्यात,
कूलरच्या ओल्या खसापाशी बसून
मी डोळ्यांचे फोटो काढते.
आज आले नत्थूजी हेडाऊ.
चाळीस वर्षं हातमागावर लुगडी विणली.
"दिसते तं सगळं," म्हणाले,
"तुटला धागा अजून अंधारात सापडते."

डोळ्याचा पडदा उमटला स्क्रीनवर,
संत्र्याची फोड उजेडाकडे धरावी तसा.
मला काहीच वावगं दिसलं नाही, खरं सांगते.
यंत्राने मात्र चार ठिपक्यांभोवती
पिवळ्या रेघा ओढल्या
आणि लिहिलं: साखर असावी. मेडिकलला पाठवा.

"माह्या रक्तातलं यानं डोळ्यातून वाचलं?
नाव तरी माहीत हाय का त्याले?"
नाही, काका. त्याच्यासाठी तुम्ही एकशे बारा.
"मंग बरं हाय. भीड नाही पडत त्याले."

थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता:
"धागा तुटला का मागही सांगते, पोरी.
खट् करून थांबते.
गाठ मात्र..."
पुढचं बोलले नाहीत.

मी कागदावर लिहून दिलं:
मंगळवार, खिडकी नंबर सात,
बस कुठे बदलायची, उपाशीपोटी या.
यंत्राच्या चिठ्ठीत यातलं काही नव्हतं.

बाहेर मे महिना, पंचेचाळीस अंश,
आणि त्यांच्या बाहुल्या सताड उघड्या.
माझा काळा चष्मा दिला.
भिंत धरत धरत गेले
हातगाड्यांच्या सावलीसावलीने.

मंगळवारी दुपारी फोन वाजला.
मागे रांगेचा गलका:
"पोरी, चष्मा राहू दे अजून दोन दिवस.
इथंबी थेंबच टाकून राहिले."