आंभोऱ्याला, डोंग्यातून

नागपूरहून निघालो तेव्हा
डोक्यात इतिहास होता, पिशवीत संत्री
(कुहीच्या फाट्यावर घेतलेली, आंबट निघाली).
गाव लहान. टेकडीवर महादेव,
खाली पाणीच पाणी.
धरण तिकडे दूर, गोसेखुर्दला,
आणि पाणी इथवर सरकत आलेलं
बसमध्ये कुणी जागा करून घ्यावी तसं,
थोडं थोडं.

"पलीकडे जाता का नुसतं फिरता जी?"
रेवता नान्हे विचारते.
फिरायचे शंभर, अर्धा तास.
पलीकडचा भाव तिला
आठवून सांगावा लागला.

केशरी जॅकेटला कुणाच्या तरी घामाचा वास.
तिचा सोमेश पुढे बसून
कापलेल्या तेलाच्या डब्याने पाणी उपसतो
आणि मला नद्या मोजून दाखवतो:
वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा...
पाचवीपाशी अडतो.
करंगळी दुमडलेलीच राहते.
"पाचच हायेत," म्हणतो. "गुरुजींनं सांगतलं होतं."

जुना बाजार कुठे भरायचा, मी विचारतो.
रेवता वल्ह्याने पाणी दाखवते.
"हा काय, तुमच्या पायाखालीच हाये न.
इकडं मिरच्यावाले, तिकडं बांगड्या,
अन् पिंपळापाशी माहा बाप, मरळ घेऊन."
पिंपळ दिसत नाही.
पाण्यावर हातभर निघालेल्या कशावर तरी
एक बगळा उभा,
गिऱ्हाईक नसलेल्या दुकानदारासारखा.

देवळाच्या पायऱ्या पाण्यात उतरतात
आणि कुठे थांबतात ते कळत नाही.
शिलालेख शोधायला आलेला मी
शेवटच्या कोरड्या पायरीवर
वाळत घातलेला शाळेचा शर्ट पाहतो,
खिशावर निळ्या शाईचा डाग.
त्याचाच फोटो काढतो.
देवाचा राहून जातो.

वरून नवा पूल, तारांनी ताणलेला.
उंच काचेच्या खोलीतून माणसं हात हलवतात.
सोमेश हलवतो. रेवता नाही.
"पूल झाला अन् पलीकडचं गिऱ्हाईक गेलं.
बरंच झालं म्हना.
माह्या जावेची मोठी पोरगी डोंग्यातच झाली,
इथंच, मधात. रात्रीचे दोन वाजले होते.
धाकटीच्या वेळी सीधी गाडीनं भंडारा."
हे ती दोरी गुंडाळता गुंडाळता सांगते.

मग पलीकडेच सोडा, मी म्हणतो.
"पुलावून जा न, फुकट हाये."
पण डोंगा वळलेला असतो.

मधोमध ती मशीन बंद करते.
का, ते सांगत नाही.
पाण्याचा आवाज इतका बारीक
की आधी वाटतं आपलंच काहीतरी.

"कोलारी!"
सोमेश डबा टाकून ओरडतो,
दोन्ही जिल्ह्यांना ऐकू जाईल असा.
करंगळी उघडते.

मी त्याला एक संत्रं देतो.
"आंबट हाये," म्हणतो,
आणि दुसरं मागतो.