अंगणातला शून्य

निघताना देमूनं जीप अंगणात आडवी उभी केली
आणि म्हणाला, इथे शून्य लाव.
मी फोन डॅशबोर्डावर चिकटवला,
ॲपमधली चिमुकली जीप पाठमोरी उभी राहिली,
बटण दाबलं. शून्य.
तुळशीपासून फाटकापर्यंत जग सपाट आहे
असं आम्ही दोघांनी मान्य केलं.

मागे आग्नेल बसला, पायाशी पाण्याचा कॅन,
मांडीवर पावांची पिशवी.
अठरा वर्षं त्यानं रिवणच्या वरच्या खाणीत टिपर चालवला.
खाण बंद पडली तेव्हा टिपर बँकेनं नेला.
रस्ता राहिला.
तो न्यायला कुणी आलं नाही.

माझं काम आकडे वाचायचं.
आठ. अकरा. परत नऊ.
देमू रस्त्याकडे बघणार, मी अंशांकडे.
लग्नाला सहा वर्षं झाली,
कामाची इतकी स्वच्छ वाटणी पहिल्यांदाच.
तिशीला पिवळं, पस्तिशीला लाल, असं ॲपचं म्हणणं.
काजूच्या फांद्या काचेला घासत होत्या.
उजवीकडे कापलेला डोंगर,
डावीकडे खाणीत साठलेलं पाणी,
निळं नाही, हिरवंही नाही,
कुणी रंगच न ठरवलेलं.

चौदा, म्हटलं. एकोणीस.
चिमुकली जीप डावीकडे कलली,
बाई कमरेवर घागर घेते तशी.
बावीस.
भरपूर आहे अजून, देमू म्हणाला.
सत्तावीसला माझी पर्स सीटवरून घसरली,
कॅनमधलं पाणी आपलं आपण एका अंगाला गेलं
आणि मागून आवाज आला:
देंव!

मी बेळगावची. कोकणी कानात बसलीय आता,
पण त्या क्षणी अनुस्वार निसटला.
मला वाटलं आग्नेल देवाला हाक मारतोय.
मी हात जोडले.
देंव गो, तो ओरडला, सकयल देंव, उतर!

उतरलो. डोंगराच्या बाजूनं, एकेक.
देमू सगळ्यात शेवटी.
बाहेरून पाहिलं तेव्हा कळलं,
उजवं मागचं चाक जमिनीला नुसतं विचारत होतं,
टेकू का?

जीप कशी सुटली ते लांबण आहे.
दोर, काजूचं खोड, चाकाखाली चिरे,
दोन भाषांतल्या शिव्या.
पाव खाताना मी आग्नेलला विचारलं,
तुला कसं कळलं, फोन तर सत्तावीसच म्हणत होता?
तो चावत राहिला.
मग म्हणाला, फोनाला ढुंगण असतं का?

संध्याकाळी शाणू मेस्त आला, पंपाच्या कामाला.
हे अंगण त्याच्या हातचं.
आमची गोष्ट ऐकून त्यानं पिशवीतली लेव्हल काढली,
जीप उभी होती तिथे जमिनीवर ठेवली.
बुडबुडा सरळ एका टोकाला पळाला.
सपाट अंगण कोण बांधतो, तो म्हणाला,
पाणी काय घरात घ्यायचंय?

तीन अंश ढाळ. डावीकडे, पन्हळीच्या बाजूला.
म्हणजे मी सत्तावीस म्हटलं तेव्हा तीस होतं,
तेव्हाच पिवळं लागायला हवं होतं,
आणि मी किती ठाम आवाजात म्हटलं होतं.

देमूनं लेव्हलशी जुळवून फोन नीट लावला आणि झोपला.
मी घरभर हिंडले.
जेवणाचं टेबल एक. ओटा दोन, मोरीकडे.
देव्हारा अर्धा.
पलंग दीड, त्याच्या बाजूला.
त्यावर मी बराच वेळ फोन ठेवून पाहिला.

मग विहिरीवर गेले.
खाली पाणी, कुणाला न विचारता सपाट.
तिथे फोन ठेवता येत नाही.
हातात धरला तर आकडा थांबेना,
दोन, शून्य, चार, एक,
हात माझाच.

फोन बंद केला
आणि कठड्यावर टेकून उभी राहिले.
कठडाही जरासा बाहेर ढळलेला,
शाणूच्याच हातचा असणार.