कँटीन

आमच्या घरात हा शब्द नपुंसकलिंगी होता.
कँटीन उघडलं. कँटीनला भजी आली.
उंबऱ्याबाहेर, बिर्लानगरच्या रस्त्यावर,
तोच शब्द बाई व्हायचा :
कैंटीन खुल गई, चलो.
बाबा दोन्ही बोलायचे. चहा एकच.

मिलच्या कँटीनला पितळी टोकन लागे,
मधे भोक, कडेला चारशे बारा.
बाबांच्या खिशाला त्याचा हिरवट डाग पडलेला.
आई लिंबानं घासायची,
जायचा नाही.

दिगंबरमामा मुरारला, फौजेत.
त्याच्याकडे हे विशेषण होतं :
कँटीनचा साबण, कँटीनचा कुकर,
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी,
जे आजोबांसमोर नुसतंच ‘कँटीनचं’ असे.
एकदा त्यानं खाकी कापडात शिवलेली
पाण्याची बाटली दाखवली. म्हणाला, हेही कँटीनच.
मी कानाशी धरून हलवली.
एवढ्यात चारशे माणसं कशी बसतात?
मामा हसला नाही.
बसतात कधी कधी, म्हणाला.

शाळेत पटवर्धनबाईंनी फळ्यावर लिहिलं : उपाहारगृह.
आम्ही उतरवून घेतलं.
त्याला लागलेल्या दुधाचा वास नव्हता.

मिल बंद पडली. भोंगा गेला,
कँटीनची बाकं किलोवर गेली.
बाबा तरी साडेदहाला चपला सरकवत,
जरा कँटीनला जाऊन येतो.
म्हणजे गेटसमोरची हरप्रसादची हातगाडी,
कुलपाकडे पाठ करून बसलेले सातआठ जण,
थकल्या पगाराच्या केसची पुढची तारीख,
आणि कप विसळायच्या बादलीत ऊन.
उधारीच्या वहीत हरप्रसाद
नाव नाही, नंबरच लिहायचा.

यंदा मे महिन्यात, कंपूच्या हॉस्पिटलात,
बाबांनी तिसऱ्या दिवशी डोळे उघडले.
नर्स मला सांगत होती,
चाय नीचे कैंटीन में मिलेगी.
तेवढं एकच त्यांना ऐकू गेलं असावं.
सुई टोचलेला हात
खिसा नसलेल्या हिरव्या झग्यावर
चाचपत राहिला.
उघडलं का?
खुल गई, बाबूजी.
मग दोन सांग, मला म्हणाले.
एक इथे.
एक बारा नंबरच्या मागावर पाठव,
रामसेवकची सुट्टी बुडाली आज.

मी जिना उतरलो.
काउंटरवरच्या पोरानं मान वर न करता विचारलं,
कितनी?
दो, म्हणालो.