हजेरी

पहिली सप्टेंबर. आमच्या खोऱ्यात तोवर रात्री गोठू लागायच्या,
अंगणातली फुलं एका रात्रीत काळी.
बाईंना द्यायला काही हवं म्हणून आईने
माझ्या फितीचंच फूल वळलं.
एका वेणीला फीत, दुसरीला सुतळी.
पायांत थोरल्याचे बूट, पुढे वर्तमानपत्र कोंबलेलं;
चालले की बातम्या कुरकुरायच्या.

शेवटच्या वर्गातल्या उंच मुलाने
एका नव्या मुलीला खांद्यावर घेतलं,
तिच्या हातात पितळी घंटा.
ती मुलगी मी नव्हते.
अजून सांगते हे, म्हणजे बघा.

राइसा पेत्रोव्नांनी वही उघडली.
माझं नाव त्यांच्या जिभेवर मावेना.
“बूल्या,” म्हणाल्या,
आणि मी उभी राहिले.
मग दहा वर्षं त्या बाकावर बूल्याच बसली.
बुरुलकान घरी जायची, गुरांना पाणी दाखवायची.

नारिनच्या वसतिगृहातला पहिला दिवस आठवत नाही.
आठवते लोखंडी खाट,
आणि चोल्पोन नावाची मुलगी, जिने न विचारता
माझ्या गाठोड्यातल्या सुक्या दह्याच्या गोळ्या
मोजून सगळ्यांना वाटल्या.
एक मला ठेवली.
फोनवर अजून बोलतो आम्ही.

बाविसाव्या वर्षी खडू माझ्या हातात.
म्हणजे खडू नव्हताच. देश नवा, तिजोरी रिकामी,
पगार म्हणून पिठाचं पोतं,
पोरं शेगडीसाठी एकेक गोवरी घेऊन यायची.
वर्गात शिरायच्या आधी मी भिंतीमागे ओकले,
तोंड पुसलं,
आणि हजेरी घेतली. प्रत्येक नाव अख्खं,
आजोबांनी ठेवलं होतं तेवढं लांब.
तिसऱ्या बाकावरचा जोल्दोशबेक चकित:
“एवढं सगळं माझंच?”

मॉस्को. वय पंचावन्न.
नातवाच्या ऑपरेशनचे पैसे फिटेपर्यंत, असं ठरलंय.
पुन्हा पहिली सप्टेंबर, पुन्हा शाळा;
या खेपेला सगळ्यांच्या आधी पोचते,
किल्ली माझ्याकडे असते.
ग्लॅडिओलस इतके आले की बादल्या पुरेनात,
फरशीची माझी बादलीही मागून नेली.
हातात नुसतं फडकं घेऊन जिन्याखाली गेले
तर तिथे एक पोरगी.
दोन्ही वेण्यांना फिती. रडत नव्हती,
भिंतीचा रंग नखाने खरवडत होती.
मी आमच्या भाषेत विचारलं, तशी मान वर.
“मला दुसऱ्याच नावाने बोलावलं.”
“मग?”
“मी उठलेच नाही.”

तीस वर्षं शिकवलं मी.
सांगण्यासारखं काही सुचेना.
तिच्या नखातला रंग तेवढा काढून दिला.

संध्याकाळी मुकादमबाई यादी घेऊन आल्या.
“बूल्या?”
फरशी अजून ओली होती.
“बूल्या, आहेस ना?”
बादली परत आली होती,
तळाशी चिकटलेली एक पाकळी.
ती मी बोटाने सोडवत राहिले.